स्वच्छ वर्तुळ आणि त्यातील दोन ठिपके

उन्हाळ्याच्या सुटीत विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही ‘शरीरात बसवायचे कृत्रिम पदार्थ’ या विषयावर बोललो. पडद्यावर एक चित्र दाखवले. काचेची पेट्री बशी, तिच्यात जीवाणूंची दाट, दुधी वाढ, मधोमध नारिंगी रंगाच्या कापडाचा चौकोनी तुकडा आणि तुकड्याभोवती काचेसारखे स्वच्छ वर्तुळ. आम्ही सांगितले, “या कापडात प्रतिजैविक मुरवलेले आहे. जंतू त्याच्या जवळपासही फिरकू शकत नाहीत. याच कापडाची रक्तवाहिनी केली, की तिला संसर्ग होण्याची भीती राहणार नाही.” माना डोलल्या. पुढच्या चित्राकडे वळणार तोच मागच्या रांगेतील एका बाईंनी हात वर केला. “सर, त्या मोकळ्या जागेत दोन पांढरे ठिपके दिसताहेत. ते कसले?”

“बाहेरून काहीतरी पडले असेल,” असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

रात्री ते चित्र पुन्हा पाहिले. ठिपके गोल होते, कडा नीट होत्या, रंग भोवतालच्या वाढीसारखाच होता. बाहेरून काही पडलेले नव्हते. जिथे एकही जीवाणू वाढणार नाही असे आम्ही म्हणत होतो, तिथेच वाढलेल्या त्या दोन वसाहती होत्या. हे चित्र आमच्याच प्रयोगशाळेतले. गेली कित्येक वर्षे आम्ही ते व्याख्यानांत दाखवत होतो आणि ठिपके आम्हाला दिसत नव्हते. की दिसत असून आम्ही ते पाहत नव्हतो?

त्या बाईंना द्यायचे राहून गेलेले उत्तर म्हणजे हा लेख. त्यात प्रतिजैविक लावलेल्या रक्तवाहिन्यांची माहिती आहे, पण मुख्यतः आहे ती टीका. या संशोधनाने स्वतःची परीक्षा कशी घेतली यावर आणि आमच्यासारख्यांनी ती तुमच्यापुढे कशी मांडली यावर.

सदऱ्याच्या कापडाची रोहिणी

हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या वयोमानाने, धूम्रपानाने किंवा मधुमेहाने खराब होतात. काही आतून चोंदतात आणि पायाचा रक्तपुरवठा तुटतो. पोटातील महारोहिणीची भिंत कधी कमकुवत होऊन फुग्यासारखी फुगते. तो फुगा फुटला तर बहुतेक रुग्ण दगावतात. अशा वेळी खराब भाग बदलून तिथे नवी नळी बसवायची किंवा चोंदलेल्या भागाला वळसा घालणारी नळी जोडायची. रुग्णाच्या पायातील नीला काढून वापरता आली तर उत्तमच. पण महारोहिणीच्या जाडीची नीला मिळणे अवघड, आणि कित्येकांच्या नीलाही चांगल्या नसतात. म्हणून कृत्रिम नळीचा शोध सुरू झाला.

१९४७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर व्हुऱ्हीज हे तरुण शल्यविशारद कुत्र्यांवर प्रयोग करत होते. एका कुत्र्याच्या हृदयाच्या कप्प्यात रेशमी टाक्याचा धागा राहून गेला होता. काही महिन्यांनी पाहिले तर धाग्यावर चकचकीत, गुळगुळीत पापुद्रा चढलेला. शरीर धाग्याला आपलेसे करत असेल तर विणलेल्या कापडाच्या नळीलाही करील, असा तर्क त्यांनी केला. व्हिन्यॉन नावाच्या कृत्रिम कापडाच्या नळ्या कुत्र्यांत बसवल्या आणि १९५२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. लवकरच माणसांतही असे रोपण सुरू झाले.

पुढची गोष्ट ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांची. ते नायलॉन घ्यायला दुकानात गेले. नायलॉन संपले होते, म्हणून डेक्रॉन नावाचे नवे कापड घेऊन आले आणि घरच्या शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवल्या. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. आपल्याकडे जे टेरिलीन म्हणून आले आणि सुतात मिसळून टेरिकॉट झाले, तेच हे बहुवारिक. पाण्याच्या बाटल्याही याच पदार्थाच्या असतात. २००६ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी, खुद्द डिबेकींच्या महारोहिणीचा बिघडलेला भाग बदलून डेक्रॉनची नळी बसवावी लागली. त्यानंतर ते दोन वर्षे जगले. इतकी ही नळी उपयोगी आहे.

काही शे जीवाणू पुरतात

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी, की शरीरात ठेवलेली कोणतीही परकी वस्तू जंतूंच्या पथ्यावर पडते.

१९५७ साली लंडनमध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला. नुसत्या त्वचेत पू होण्यासाठी स्टॅफिलोकॉकस जातीचे किती जीवाणू टोचावे लागतात? उत्तर आले, काही दशलक्ष. त्याच ठिकाणी रेशमी टाका असेल तर? काही शे पुरले! एक धागा असला, की जंतूंचे काम हजारो पटींनी सोपे होते. मग हातभर लांबीच्या विणलेल्या नळीची गोष्ट काय सांगावी!

याचे कारण धाग्याच्या पृष्ठभागावर सापडते. काही जीवाणू त्यावर चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत पदार्थाचा थर रचतात. नदीतील दगडावर किंवा न घासलेल्या दातांवर असतो तसाच हा थर. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. थराच्या आत जीवाणूंची वाढ मंदावते. पांढऱ्या पेशींना तिथे शिरणे अवघड जाते आणि झपाट्याने वाढणाऱ्या जंतूंना मारणारी औषधेही तिथे फिकी पडतात. १९७८ साली कॉस्टर्टन आणि सहकाऱ्यांनी जीवाणू पृष्ठभागाला कसे चिकटतात, या विषयाकडे सर्वांचे लक्ष वेधले. १९८७ साली अँथनी ग्रिस्टिना यांनी या झगड्याला शर्यतीची उपमा दिली. रोपणाचा पृष्ठभाग आधी कोण काबीज करतो, शरीराच्या पेशी की जीवाणू?

कृत्रिम रक्तवाहिन्यांपैकी शेकडा एक ते सहांना संसर्ग होतो, असे साधारणपणे सांगितले जाते. जांघेत जोडलेल्या नळ्यांना तो अधिक होतो. आकडा लहान वाटतो, पण ज्याला तो होतो त्याच्यावर संकटच कोसळते. टाके सुटतात, रक्तस्राव होतो, बहुधा नळी काढावी लागते. नळी काढली की पायाचा रक्तपुरवठा पुन्हा तुटतो आणि कित्येकदा पाय गमवावा लागतो. महारोहिणीतील नळीला संसर्ग झालेल्या रुग्णांपैकी बरेच जण वाचत नाहीत. नळीवरच औषध लावण्याचा ध्यास शास्त्रज्ञांनी घेतला, तो या रुग्णांना पाहून.

औषध चिकटवायचे कसे?

या कामातील कल्पकतेला दाद द्यायलाच हवी. रसायनशास्त्राच्या तासाला सांगण्याजोगी ती गोष्ट आहे.

पॉलिएस्टरच्या रेणूवर औषधाला धरून ठेवील असा विद्युतभार नाही. म्हणून अमेरिकेत ग्रेको आणि हार्वे यांनी १९८० च्या सुमारास मध्यस्थ शोधला. साबणाच्या जातीच्या या रेणूचे तेलकट शेपूट पॉलिएस्टरला धरते आणि धनभारित डोके ऋणभारित प्रतिजैविकाला धरून ठेवते.

दुसरी वाट रंगाऱ्यांची. पॉलिएस्टर सुती कापडासारखे साध्या रंगात रंगत नाही. ते रंगवायला लहान आकाराचे, पाण्यात फारसे न विरघळणारे रेणू लागतात. धागा तापवला, की त्यातील साखळ्या सैल होतात आणि हे रेणू आत शिरतात. निवाला, की ते अडकून राहतात. ऱ्होड आयलंड विद्यापीठातील वस्त्रतज्ज्ञ मार्टिन बाइड आणि बोस्टनमधील फ्रँक लोजेर्फो व मॅथ्यू फॅनफ यांच्या गटाच्या लक्षात आले, की सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाची रचना अशा रंगाशी मिळतीजुळती आहे. मग औषधानेच कापड रंगवले तर? १९९३ साली त्यांनी तसे करून दाखवले. मध्ये कोणताही डिंक लागला नाही.

रुग्णालयात मात्र रुळली ती तिसरी वाट. विणलेल्या नळीच्या छिद्रांतून रक्त झिरपू नये म्हणून उत्पादक तिला जिलेटिन किंवा कोलॅजेन या प्रथिनांचा लेप देऊ लागले होते. जिलेटिनच्या लेपाची नळी शस्त्रक्रियेच्या वेळी रिफॅम्पिसिनच्या द्रावणात थोडा वेळ बुडवायची. जिलेटिन औषध शोषून घेते, नळी नारिंगी होते आणि ती तशीच बसवायची. पद्धत सोपी आणि स्वस्त. आमच्या चित्रातील चौकोन याच प्रकारचा होता.

रिफॅम्पिसिन आपल्या ओळखीचे आहे. क्षयरोग्याला दिल्या जाणाऱ्या औषधांतील हे लालसर औषध; त्याने लघवीही नारिंगी होते. १९५७ साली मिलानच्या लेपेटिट प्रयोगशाळेत फ्रान्सच्या किनाऱ्यावरील मातीतून आणलेल्या एका जीवाणूपासून या कुळातील औषधांचा शोध लागला. तेव्हा गाजत असलेल्या ‘रिफिफी’ या फ्रेंच चित्रपटावरून त्या कुळाचे नाव पडले. स्टॅफिलोकॉकसवर ते जोरदार चालते आणि बायोफिल्ममध्येही इतर अनेक औषधांपेक्षा चांगले काम करते. म्हणजे निवड अविचाराने झालेली नव्हती.

आता टीकेकडे वळू. आमचे आक्षेप चार आहेत.

पहिला आक्षेप : वर्तुळ काय मोजते?

बशीतील वर्तुळ उमटते ते कापडातून बाहेर पडलेल्या औषधामुळे. औषध जितके भराभर सुटेल तितके वर्तुळ मोठे. पण जे भराभर सुटते ते लवकर संपतेही. म्हणजे मोठे वर्तुळ पाहून आम्ही टाळ्या वाजवतो, तेव्हा अनेकदा औषध किती लवकर निघून जाईल यालाच टाळ्या वाजवत असतो. शिवाय बशीतील औषध जागच्या जागी साठते. रोहिणीतून मात्र मिनिटामागून मिनिट ताजे रक्त वाहते आणि सुटलेले औषध वाहून नेते.

हे वर्गात दाखवता येते. चायना ग्रास पाण्यात उकळून त्यात खाण्याचा लाल रंग गडद होईल इतका घाला. थंड होऊन थिजले की दोन सेंटिमीटरचा ठोकळा कापा आणि पेलाभर स्वच्छ पाण्यात ठेवा. दर अर्ध्या तासाने ठोकळा नव्या पाण्यात टाका आणि जुन्या पाण्याचा थोडा नमुना परीक्षानळीत राखून ठेवा. सात-आठ नळ्या ओळीने लावल्या, की आलेख काढायचीही गरज उरत नाही. पहिल्या नळ्या लाल, नंतर गुलाबी आणि पुढे नुसता भास. जिलेटिनमधील औषधाचेही असेच होते. त्याचा प्रभाव काही दिवस टिकतो आणि लेपही काही आठवड्यांत शरीरात जिरून जातो.

आता मुलांना विचारा, संसर्ग केव्हा होतो? काही संसर्ग पहिल्या आठवड्यांत दिसतात हे खरे, पण स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस या मंद जीवाणूचा संसर्ग कित्येकदा महिन्यांनी, काही वेळा वर्षांनी उघडकीस येतो. त्याचे बीज शस्त्रक्रियेच्या वेळीच पडले असेल, तर सुरुवातीच्या औषधाचा उपयोग व्हावा. पुढे दात, त्वचा किंवा आतड्यातून रक्तात आलेल्या जंतूंनी ते पेरले असेल, तर औषध केव्हाच संपलेले असते. चोवीस तासांची बशी या दोहोंत फरक करू शकत नाही.

दुसरा आक्षेप : ते दोन ठिपके

रिफॅम्पिसिन जीवाणूच्या एका विकराला जखडते. डीएनएवरील मजकुराची आरएनए प्रत काढणे हे त्या विकराचे काम. त्याच्या जनुकात एका ठराविक जागी एकच बदल झाला, की औषधाची पकड सुटते. असा बदल झालेला जीवाणू साधारणपणे एक कोटी ते दहा कोटींमागे एक असतो. बशीवर वाढणाऱ्या जीवाणूंची संख्या कोट्यवधींच्या घरात असते. हिशेब करा, वर्तुळात एखाददुसरा ठिपका उगवणारच. बाईंनी दाखवलेले ठिपके प्रयोगातील चूक नव्हते. प्रयोग जे सांगत होता त्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग ते होते.

म्हणूनच क्षयरोगात रिफॅम्पिसिन कधीही एकटे देत नाहीत. सोबत आणखी औषधे असतात, म्हणजे एकातून सुटलेला जंतू दुसऱ्याच्या तडाख्यात सापडतो. जगातील क्षयरुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा ज्या देशात आहे, त्या देशातील शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. मग ज्या औषधाला गोळ्यांच्या पाकिटात सोबती लागतात, ते कापडावर एकटे का? आणि वर पाहिले तसे त्याचे प्रमाण हळूहळू घटत जाते. अपुऱ्या मात्रेत जीवाणू औषधाला सरावतात, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मधील नोबेल व्याख्यानातच दिला होता. झिरपत संपणारी नळी म्हणजे तीच अपुरी मात्रा, तीही नेमकी नको त्या जागी. याशिवाय आतड्यातील ई. कोलायसारख्या जंतूंवर रिफॅम्पिसिनचा फारसा जोर चालत नाही, आणि महारोहिणीची शस्त्रक्रिया तर पोटातच होते.

तिसरा आक्षेप : कुत्रा आणि माणूस

बशीनंतरची पायरी प्राण्यांची. कुत्र्यात नळी बसवायची, ठरावीक जीवाणू सोडायचे आणि काही दिवसांनी नळी काढून पाहायची. अशा अनेक प्रयोगांत औषध लावलेल्या नळ्या स्वच्छ निघाल्या. पण प्रयोगकर्त्याने कोणता जंतू निवडला? औषधाला बळी पडणारा. किती दिवस थांबला? बहुधा औषध टिकण्याच्या बेताचे. प्रश्न असा बेतला, की उत्तर ‘होय’ येण्याचीच शक्यता अधिक.

त्याहून मोठा फरक भरून येण्यात आहे. प्राण्यांत नळीच्या आतल्या बाजूला नवा अंतःस्तर बराच चांगला चढतो. व्हुऱ्हीज यांना धाग्यावर दिसला तो असाच पापुद्रा. माणसात मात्र तो जोडापासून एक-दोन सेंटिमीटर सरकतो आणि थांबतो. मधला भाग वर्षानुवर्षे उघडाच राहतो. म्हणजे ग्रिस्टिनांच्या शर्यतीत माणसाच्या पेशी शेवटपर्यंत पोचतच नाहीत. जंतूंना काही दिवस रोखले तर कुत्र्याच्या पेशी तेवढ्यात पुढे निघून जातील. माणसाच्या बाबतीत ते काही दिवस पुरे पडतील असे मानायला आधार नाही.

चौथा आक्षेप : मोजणीच अपुरी

शेवटचा निवाडा रुग्णांवरील चाचण्यांचा. रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करायची, एका गटाला साधी नळी आणि दुसऱ्याला रिफॅम्पिसिनची नळी बसवायची आणि दोन वर्षे वाट पाहायची. १९९० च्या दशकात युरोपात अशा चाचण्या झाल्या. प्रत्येकीत रुग्ण काही शे होते.

पुरे का नाहीत? समजा, साध्या नळीला शेकडा २ संसर्ग होतात आणि नव्या नळीमुळे ते निम्मे, म्हणजे शेकडा १ होतात. हा फरक खात्रीने पकडायचा, तर नेहमीच्या संख्याशास्त्रीय कसोट्यांनुसार प्रत्येक गटात सुमारे २३०० रुग्ण हवेत. विश्वास बसत नसेल तर दोन डबे घ्या. एकात ९८ पांढरे आणि २ काळे मणी, दुसऱ्यात ९९ पांढरे आणि १ काळा. न पाहता एक मणी काढा, रंग टिपा, मणी परत टाका. प्रत्येक डब्यातून असे शंभर वेळा करा. हा खेळ अनेक गटांनी खेळला, तर दहापैकी जवळजवळ चार गटांना दुसऱ्या, म्हणजे ‘चांगल्या’ डब्यातून पहिल्याइतकेच किंवा त्याहून जास्त काळे मणी मिळतील. डबे खरोखरच वेगळे असूनही!

२००६ साली कॉक्रेन संस्थेच्या पाहणीत रोहिण्यांच्या शस्त्रक्रियेतील संसर्ग टाळण्याच्या सर्व उपायांच्या ३५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. रिफॅम्पिसिनच्या नळ्यांबाबत दोन वर्षांनंतरचे गुणोत्तर निघाले १.०५. म्हणजे दोन्ही गटांत संसर्ग जवळजवळ सारखा. पण या आकड्याभोवतीची अनिश्चितता ०.४६ ते २.४० एवढी मोठी होती. संसर्ग निम्म्यावर येत असेल किंवा दुपटीहून जास्त होत असेल, दोन्ही शक्यता खुल्या राहिल्या. तेव्हा ‘ही नळी निरुपयोगी ठरली’ असे म्हणणारे चूक आणि ‘ही नळी संसर्गरोधक आहे’ असे म्हणणारेही चूक. फायदा सिद्ध झालेला नाही, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते. बशीतील वर्तुळाच्या जोरावर आम्ही याहून पुष्कळ अधिक म्हणत होतो.

त्याच पाहणीतील दुसरा आकडा पाहा. शस्त्रक्रियेच्या सुमारास रुग्णाला प्रतिजैविक टोचले, तर जखमेचा संसर्ग सुमारे एक चतुर्थांशावर येतो आणि नळीचा सुरुवातीचा संसर्ग एक तृतीयांशाच्या आसपास. आणि ते चोवीस तासांपेक्षा अधिक काळ चालू ठेवून जास्त फायदा होत नाही. एक साधे, वेळेवर दिलेले इंजेक्शन! त्याचे रंगीत चित्र निघत नाही, त्यावर स्वामित्वहक्क मिळत नाही, म्हणून व्याख्यानांत ते आमच्या तोंडी आले नाही. हा दोष नळीचा नाही, आमचा आहे.

मग हे सारे व्यर्थ?

नाही. नळीला संसर्ग झाल्यावर ती काढून त्याच जागी दुसरी बसवण्यावाचून गत्यंतर नसते, रुग्णाची स्वतःची नीला उपलब्ध नसते, तेव्हा अनेक शल्यविशारद रिफॅम्पिसिनमध्ये भिजवलेली नळी वापरतात. युरोपीय रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात रुग्णाच्या स्वतःच्या नीलेला पसंती दिली आहे. औषध किंवा चांदी लावलेल्या नळ्यांना पर्यायांत जागा आहे. तिथे धोका इतका मोठा असतो, की थोड्या दिवसांचे संरक्षणही मोलाचे वाटू शकते. पुरावा भक्कम नसताना घेतलेला हा निर्णय असला, तरी तो डोळसपणे घेतलेला आहे.

संशोधनाची दिशाही बदलते आहे. एका औषधाऐवजी दोन वेगळ्या प्रकारची औषधे, जंतू चिकटूच नयेत असा पृष्ठभाग, पेशींना नळीवर लवकर चढायला मदत करणारे लेप अशा अनेक वाटा चोखाळल्या जात आहेत. त्या प्रत्येकीला आम्ही चारच प्रश्न विचारू. औषध किती दिवस टिकते आणि संसर्ग केव्हा होतो? औषधातून सुटलेल्या जंतूंचे काय? माणसाची जखम प्राण्याच्या जखमेसारखी भरते का? आणि किती रुग्णांत मोजले? वर्तमानपत्रात ‘संसर्गरोधक’ सांधा, ‘जंतुनाशक’ रंग किंवा ‘बॅक्टेरियामुक्त’ मोजे यांची बातमी किंवा जाहिरात आली, की दहावीच्या मुलांना हेच चार प्रश्न लावायला सांगा. पहिल्याच प्रश्नाला बऱ्याच जाहिराती गडबडतील.

एक सूचना आवर्जून. वर्तुळाचा प्रयोग शाळेत जिवंत जंतूंवर करू नये. बशीत नेमके काय वाढते आहे हे शाळेत कळणे शक्य नाही, आणि घरातील क्षयाच्या गोळ्या तर अशा खेळाला मुळीच वापरू नयेत. चायना ग्रास आणि मणी यांवर काम भागते.

राहता राहिले आमचे चित्र. ते आम्ही काढून टाकलेले नाही. आता ते दाखवतो तेव्हा आधी काहीच सांगत नाही. “काय दिसते?” एवढेच विचारतो. बहुतेकांना वर्तुळ दिसते. कोणीतरी ठिपके दाखवते आणि मग व्याख्यान तिथून सुरू होते. त्या बाईंचे नाव विचारायचे राहून गेले. हा अंक त्यांच्या शाळेत जात असेल, तर त्यांनी समजून घ्यावे : ठिपके बाहेरून पडलेले नव्हते, आणि त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर चुकीचे होते.